फौजा निघाल्याच नसत्या तर?

“अब्बा, अरबस्तानातून फौजा बाहेर पडल्याच नसत्या, तर आज आपण मुसलमान असतो का?”

मगरिबची नमाज झाली होती, दस्तरखान अंथरला जात होता आणि आमच्या नववीतल्या मुलीने हातातली ताटे खाली ठेवत हा प्रश्न विचारला. इतिहासाचा तास सुटल्यावर वर्गातली एक मैत्रीण तिला सहज म्हणाली होती, “तुमचा धर्म तर तलवारीनेच पसरला ना?” मैत्रिणीच्या मनात आकस नव्हता. तिने जे ऐकले होते तेच ती बोलली. पण आमची मुलगी गप्प राहिली आणि ते गप्प राहणे तिला घरी येईपर्यंत टोचत होते.

दादी म्हणाल्या, “बेटा, हिदायत देणारा अल्लाह आहे.” गोष्ट खरी आहे. पण मुलीला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वर्गात बसायचे होते.

अशा वेळी आपल्या घरांत दोन उत्तरे तयार असतात. एक अभिमानाचे: आपल्या घोडदळाने दोन महासत्ता लोळवल्या. दुसरे बचावाचे: त्या सगळ्या लढाया केवळ नाइलाजाने झाल्या. पहिल्या उत्तराने मैत्रिणीचा आरोप पक्का होतो आणि दुसरे उत्तर इतिहासाचे पुस्तक उघडले की टिकत नाही. म्हणून आम्ही ठरवले की प्रश्न विचारला आहे तसाच घ्यायचा. समजा, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वफातीनंतर मुस्लिम सैन्य अरबस्तानाबाहेर गेलेच नसते. मग काय झाले असते?

इथे कुणी म्हणेल की ‘जर-तर’ करण्यापासून हदीसमध्ये सावध केले आहे. होय, जे घडून गेले त्यावर हळहळ करत ‘जर मी असे केले असते तर’ म्हणत बसणे शैतानाला दार उघडून देते, अशी ती शिकवण आहे. पण आम्हाला हळहळ करायची नाही. कोणत्या कारणाने काय घडले, ते वेगवेगळे करून पाहायचे आहे.

दोन थकलेल्या सत्ता

इ.स. ६३२ मध्ये अरबस्तानाच्या उत्तरेला दोन साम्राज्ये होती. पश्चिमेला कॉन्स्टँटिनोपलची रोमन सत्ता, पूर्वेला इराणची सासानी सत्ता. इ.स. ६०२ ते ६२८ अशी सव्वीस वर्षे दोघे एकमेकांशी लढत होते. ६१४ मध्ये इराण्यांनी जेरुसलेम घेतले, पुढे मिसरही घेतले. ६२६ मध्ये ते अवार टोळ्यांसोबत थेट कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीपर्यंत पोहोचले. मग सम्राट हिरॅक्लियसने बाजी उलटवली. ६२८ मध्ये इराणचा बादशहा खुसरो परवेझ याला त्याच्याच माणसांनी पदच्युत करून ठार केले. कुरआनच्या तिसाव्या सूरहचे नावच ‘अर-रूम’ आहे. रोमनांच्या पराभवाचा आणि पुढच्या विजयाचा तिच्यातला उल्लेख याच युद्धाचा.

युद्ध संपले तेव्हा दोघांच्याही तिजोऱ्या रिकाम्या होत्या. त्यात प्लेगच्या साथी अधूनमधून येतच होत्या. इराणच्या गादीवर चार वर्षांत एकामागून एक राजे आणि राण्या बसल्या आणि गेल्या. शेवटी ६३२ मध्ये यझ्दगर्द हा कोवळ्या वयाचा मुलगा राजा झाला. रोमनांकडे वेगळीच दुखणी होती. मिसर आणि शामचे बहुसंख्य ख्रिस्ती लोक ज्या पंथाचे होते, तो पंथ कॉन्स्टँटिनोपलला मान्य नव्हता. मिसरमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांचे धर्मगुरू बेंजामिन यांना स्वतःच्या ख्रिस्ती सरकारच्या भीतीने कित्येक वर्षे लपून राहावे लागले.

म्हणजे मुस्लिम फौजा गेल्या नसत्या तरी जुनी घडी तशीच राहणार नव्हती. इटलीत लाँबार्ड, बाल्कनमध्ये स्लाव आधीच घुसले होते. इराणच्या उत्तर सीमेवर तुर्क टोळ्या दबा धरून होत्या. आमचा अंदाज असा की रोमन सत्ता मिसर आणि शामवर आणखी काही काळ टिकली असती, पण पंथांची भांडणे चालूच राहिली असती. इराणची सत्ता मात्र आतूनच तुटली असती आणि तिचे तुकडे कुणा ना कुणाच्या हाती गेले असते.

प्रत्यक्षात काय झाले ते आपण जाणतोच. ६३६ मध्ये यरमूक, त्याच सुमारास कादिसिया, ६४२ मध्ये नहावंद. जेरुसलेम हजरत उमर (रजि.) यांच्या काळात करार करून ताब्यात आले. ज्या यहुद्यांना रोमनांनी त्या शहरातून घालवून दिले होते, त्यांना तिथे पुन्हा राहण्याची मुभा मिळाली. ६३९ मध्ये हजरत अम्र बिन आस (रजि.) मिसरमध्ये शिरले आणि तीन वर्षांत मिसर ताब्यात आले. लपलेले बेंजामिन अभयपत्र मिळाल्यावर बाहेर आले आणि त्यांनी आपली गादी पुन्हा सांभाळली.

पण ज्या शहरावर सैन्य चालून येते, तिथल्या माणसाची आठवण वेगळी असते. मिसरमधल्या निकिऊ या गावचे बिशप जॉन यांनी त्याच शतकात आपला इतिहास लिहिला. त्यांनी आपल्या गावातली कत्तल आणि करांचे ओझे नोंदवले आहे. त्यांनीच हेही नोंदवले आहे की अम्र यांनी चर्चच्या मालमत्तेला हात लावला नाही. एकाच लेखणीने लिहिलेल्या या दोन्ही गोष्टी आपण वाचायला हव्यात. एक वाचून दुसरी झाकली तर मुलांना आपण अर्धेच सांगितले असे होईल.

भाषा आणि विद्या

फौजा निघाल्या नसत्या तर सर्वांत मोठा फरक भाषेत पडला असता. मिसर आज कॉप्टिक बोलत असते, शाम आणि इराक आरामी. अरबी ही वाळवंटातल्या काफिल्यांची, कवींची आणि कुरआनची भाषा राहिली असती. विजयानंतरही अर्धशतक सरकारी दफ्तरे ग्रीक आणि फारसीतच चालत. खलिफा अब्दुल मलिक यांनी सातव्या शतकाच्या अखेरीस ती अरबीत आणली आणि अरबी मजकुराचा दिनार पाडला. तेव्हा कुठे सिंधपासून स्पेनपर्यंत एका भाषेत कारभार आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

याचा धागा आपल्या मराठीपर्यंत येतो. अर्ज, वकील, तारीख, हिशेब, खर्च, मालक, गरीब हे शब्द मूळचे अरबी. ते इराणच्या फारसीत मिसळले आणि फारसीबरोबर दख्खनच्या दरबारांत आले. फारसी शब्द इतके रुळले होते की छत्रपती शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. अरबांनी इराण घेतला नसता तर आपल्या तलाठ्याचे दफ्तर वेगळ्याच शब्दांनी भरले असते.

विद्येबद्दल मात्र आम्ही थोडे सावध बोलू. “आपण नसतो तर जगात अंधार असता” असे काही वक्ते म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. ग्रीक ग्रंथांचे सिरियाक भाषेत अनुवाद सहाव्या शतकातच होत होते. भारतातल्या पंचतंत्राचे इराणच्या पहलवी भाषेत भाषांतर इस्लामच्या आधीचे आहे. भारतीय अंकांची स्तुती इ.स. ६६२ मध्ये फुरात नदीकाठच्या मठातल्या सेवेरस सेबोख्त या सिरियन ख्रिस्ती विद्वानाने केली होती. ज्ञानाची बीजे पेरलेली होतीच.

पण या बीजांना एक मोठे शेत मिळाले ते बगदादमध्ये. ७६२ मध्ये हे शहर वसले. तिथे ग्रीक, इराणी आणि भारतीय विद्या एका भाषेत आल्या. अनुवाद करणारे पुष्कळसे ख्रिस्ती होते, खगोलशास्त्रज्ञांत इराणी होते, वैद्यांत भारतीय होते. समरकंदमार्गे आलेल्या कागदाने पुस्तके स्वस्त केली. अल-ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या लॅटिन रूपांतूनच पुढे युरोप हे गणित शिकला. फौजा निघाल्या नसत्या तर हे ज्ञान बहुधा टिकले असते, पण विखुरलेले राहिले असते आणि पोहोचायला अधिक उशीर लागला असता.

युरोपची कहाणीही बदलली असती. बेल्जियमचे इतिहासकार आंरी पिरेन यांचे या विषयावरचे पुस्तक १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. भूमध्य समुद्राचा दक्षिण किनारा मुस्लिमांकडे गेल्यामुळे युरोपचे केंद्र उत्तरेकडे सरकले आणि म्हणूनच शार्लमेनचे साम्राज्य उभे राहिले, असा त्यांचा दावा. पुढच्या अभ्यासकांनी त्यातले बरेच मुद्दे खोडून काढले. पण युरोपचा इतिहासही आपल्याशिवाय लिहिता येत नाही, एवढे त्यावरून कळते.

एक माणूस, दोन प्रवास

आता मुलीच्या मूळ प्रश्नाकडे वळू. नकाशा बदलला असता, भाषा बदलल्या असत्या. श्रद्धेचे काय?

हजरत अम्र बिन आस (रजि.) यांचे नाव मिसरमुळे गाजले. पण त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी ते एका वेगळ्याच कामगिरीवर निघाले होते. प्रेषित (स.) यांचे पत्र घेऊन ते ओमानला गेले. तिथे जैफर आणि अब्द हे दोघे भाऊ राज्य करत. सोबत फौज नव्हती. पत्र वाचले गेले, चर्चा झाली आणि भावांनी इस्लाम स्वीकारला. प्रेषितांच्या वफातीनंतर अरबस्तानात उठलेल्या बंडाळीची झळ ओमानलाही लागली, ते खरे. पण ओमानला इस्लाम पहिल्यांदा पोहोचला तो पत्राने.

मिसरमध्ये तेच अम्र सैन्य घेऊन गेले. तीन वर्षांत देश हाती आला, पण लोक मुसलमान झाले का? नाही. मिसरमध्ये पुढची कित्येक शतके ख्रिस्तीच बहुसंख्य होते आणि आजही तिथे कॉप्टिक ख्रिस्ती लाखोंच्या संख्येने आहेत. इराणमध्येही बहुसंख्य लोक मुसलमान व्हायला दोन शतकांहून अधिक काळ गेला.

उलट काही उमय्या सुभेदारांना लोकांनी मुसलमान होणे परवडत नव्हते, कारण जिझिया कमी होई. नव्या मुसलमानांकडूनही तो कर वसूल केला जात होता. हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांनी ७१७ नंतर ही पद्धत बंद करवली. प्रेषितांना अल्लाहने मार्ग दाखवायला पाठवले होते, कर गोळा करायला नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर इतिहासात नोंदलेले आहे. तलवारीने राज्य मिळाले होते. माणसे नंतर आली, हळूहळू, शेजारातून, बाजारातून, लग्नसंबंधांतून, विद्वानांच्या आणि सूफींच्या संगतीतून. काही जण सत्तेजवळ जाण्यासाठी, तर काही कर टाळण्यासाठीही आले असतील. तेही मान्य करायला हवे.

आपला किनारा

आमचे गाव रायगड जिल्ह्यातले, खाडीकाठचे. म्हणून मुलीला आम्ही नकाशावर आपला किनारा दाखवला.

बलाझुरी हे नवव्या शतकातले इतिहासकार. ते लिहितात की हिजरी सन १५ मध्ये बहरीन आणि ओमानचे सुभेदार उस्मान बिन अबिल आस यांनी एक आरमार थेट ठाण्यावर पाठवले. ते परत आल्यावर त्यांनी खलिफांना कळवले. हजरत उमर (रजि.) खूश होतील असे त्यांना वाटले असेल. पण उत्तर कडक आले. लाकडाच्या ढलपीवर किडा ठेवून सोडावा तशी तुम्ही माणसे समुद्रात सोडलीत, ती दगावली असती तर तितकीच माणसे मी तुमच्या कबिल्याकडून घेतली असती, असा त्या पत्राचा आशय. म्हणजे आपल्या कोकणावरची पहिली मोहीम स्वतः खलिफांनाच पसंत नव्हती.

मग इस्लाम इथे आला कसा? मसऊदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, आपल्या चौलला आला. त्याने तिथे सुमारे दहा हजार मुसलमान पाहिले. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन राहिलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. राज्य होते हिंदू राष्ट्रकूटांचे. राजाने मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता.

त्याच किनाऱ्यावर, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीत सापडलेला शके ८४८ चा म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट आहे. त्यात संजाण प्रांताचा अधिकारी म्हणून मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, दिसतो. मधुमती हे ‘मुहम्मद’चेच संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. या मुसलमान अधिकाऱ्याने लोकांसाठी फुकट नाव चालवली, अन्नछत्र घातले, तिथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप वाढले जाई. एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठाला त्याच्या कारभारात जमीनही दिली गेली.

ते संजाण गाव आज गुजरातच्या हद्दीत, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. आणि याच संजाणला इराणमधले पारशी होड्यांतून उतरले. त्यांच्या परंपरेतला ‘किस्सा-ए-संजाण’ तेच सांगतो. आपला देश मुसलमानांच्या ताब्यात गेल्यावर धर्म जपण्यासाठी त्यांनी घर सोडले. ही गोष्ट आम्ही मुलीपासून लपवली नाही. फौजा निघाल्या नसत्या तर मुंबईला दादाभाई नौरोजी मिळाले नसते, जमशेटजी जीजीभॉय यांचे रुग्णालय उभे राहिले नसते. कुणाच्या विजयात कुणाचे तरी घर सुटते.

एक आक्षेप इथे रास्त आहे. चौलला आलेले बसरा आणि बगदादचे व्यापारी ज्या शहरांतून निघाले, ती शहरे मोहिमांनंतरच वसली. बसरा तर मुळात लष्करी छावणी होती. म्हणजे व्यापारालाही साम्राज्याचा आधार मिळालाच. खरे आहे. पण ओमानचे खलाशी मौसमी वाऱ्यावर आपल्या बंदरांत इस्लामच्या आधीपासून येत होते आणि ओमानने इस्लाम स्वीकारला तो पत्राने. फौजा निघाल्या नसत्या तरी वारे वाहायचे थांबले नसते. दहा हजारांच्या जागी हजार माणसे आली असती, उशिरा आली असती. पण आली असती.

तलवार दुसऱ्याच्या हाती होती तेव्हा

ज्याला हा केवळ अंदाज वाटेल, त्याने दोन उदाहरणे पाहावीत. आज जगात सर्वाधिक मुसलमान असलेल्या देशांत इंडोनेशियाची गणना होते. तिथे कोणतीही अरब फौज उतरली नाही. सुमात्रातल्या पासई इथल्या सुलतान मलिक सालेह यांच्या कबरीवर इ.स. १२९७ चा उल्लेख आहे. तिथे दीन गेला तो व्यापारी, विद्वान आणि सूफी यांच्यासोबत.

दुसरे उदाहरण याहून मोठे. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले, खलिफाला ठार केले. आता तलवार दुसऱ्यांच्या हाती होती आणि मुसलमान पराभूत होते. तलवारीनेच धर्म पसरत असता तर इराक-इराणमधून इस्लाम तेव्हाच ओसरायला हवा होता. पण अवघ्या सदतीस वर्षांनी, १२९५ मध्ये, त्याच मंगोलांच्या बादशहाने, गाझान खानाने, इस्लाम स्वीकारला. जिंकलेल्यांच्या धर्मात जिंकणारे आले.

विजयाने आपले काय घेतले

शेवटी एक गोष्ट, जी आपण सहसा बोलत नाही. जलूलाच्या लढाईनंतर इराणची संपत्ती मदीनेत आली, तेव्हा ती पाहून हजरत उमर (रजि.) रडले, असे इतिहासात नोंदले आहे. लोकांनी विचारले, हा तर शुक्र करण्याचा क्षण, मग अश्रू का? अशा धनासोबत मत्सर आणि वैर येते, अशी त्यांना भीती होती. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांची शहादत, जमल, सिफ्फीन आणि ६८० मध्ये करबला. या सगळ्याला एकटे धन कारण होते असे आम्ही म्हणणार नाही. पण दमास्कसमध्ये साम्राज्याची तिजोरी नसती, तर सत्ता बापाकडून मुलाकडे जाण्याची प्रथा इतक्या लवकर रुजली असती का, हा प्रश्न विचारायला हवा.

जेवण झाल्यावर मुलीने पुन्हा विचारले, “मग मी मैत्रिणीला काय सांगू?”

आम्ही म्हटले, “तिला सांग की लढाया झाल्या, राज्ये जिंकली गेली. त्यात न्याय झाला तसा काही ठिकाणी अन्यायही झाला. पण आपल्या खाडीत दीन आला तो गलबतातून, खजूर आणि घोडे घेऊन आलेल्या माणसांसोबत. फौजा निघाल्या नसत्या तरी आपण बहुधा मुसलमान असतो. बाकी अल्लाह जाणे.”

दादी म्हणाल्या, “मी तेच म्हणत होते.”

वाचकहो, आपल्या घरातही हा प्रश्न कधी ना कधी येईल. तेव्हा मुलांना रागावू नका आणि फुशारकीही शिकवू नका. चौलच्या लोकांनी त्या परदेशी व्यापाऱ्यांचे माप पाहिले असेल, वायदा पाळणे पाहिले असेल, शेजार पाहिला असेल. आज आपल्या शेजाऱ्याला बलाझुरी किंवा मसऊदी वाचायला वेळ नाही. तो आपल्या दुकानातला तराजू पाहतो, आपल्या मुलांची जबान ऐकतो आणि त्यावरूनच आपल्या दीनबद्दल मत बनवतो.